बेळगावचा तट दारूने उडवणारा वजीर एका खोट्या पत्रामुळे मारला गेला

लातूरहून साधारण वीस किलोमीटरवर औसा. तिथला भुईकोट किल्ला खोलगट जागी आहे. बाहेरून पटकन नजरेत भरत नाही, पण आत शिरलात की खंदक, दुहेरी तटबंदी आणि बुरुजांवर पडलेल्या तोफा दिसतात. हा किल्ला बहमनी काळातला. त्याचं श्रेय परंपरेने ज्याला दिलं जातं तो माणूस म्हणजे महमूद गवान.

तर हा गवान मूळचा इथला नव्हताच. इराणच्या गिलान प्रांतात 1411 च्या सुमारास त्याचा जन्म झाला. घराणं दरबारी, पण तिथल्या राजकारणाला कंटाळून त्याने देश सोडला आणि व्यापार धरला. 1453 मध्ये तो आपल्या कोकणातल्या दाभोळ बंदरात उतरला. वय चाळिशीच्या पुढे. तिथून बिदर गाठलं आणि सुलतान अलाउद्दीन अहमदशाहाच्या नजरेत भरला. व्यापारी आलेला माणूस सरदार झाला आणि पुढच्या सुलतानांच्या काळात थेट वजीर.

1469 पासून त्याने कोकणात मोहीम काढली. खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, घेतला. 1472 मध्ये गोवा घेतला. मग पाळी आली बेळगावची.

बेळगावचा किल्ला भक्कम, भोवती खोल खंदक. फिरिश्ता या इतिहासकाराच्या मते बहमनी फौज दिवसा खंदक बुजवायची आणि किल्ल्यातली माणसं रात्रीत तो पुन्हा मोकळा करायची. शेवटी गवानने जमिनीखालून भुयारं खणायला लावली, त्यात दारू भरली आणि तट उडवला. दख्खनमध्ये असे सुरुंग तोवर कुणाला फारसे माहीत नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, दारू म्हणजे दारू, त्यात काय एवढं? तर तसं नाही. सोरा, गंधक आणि कोळसा हे तिन्ही जिन्नस तेच. सोरा सगळ्यात जास्त लागायचा आणि तो जुन्या गावठाणांच्या, गोठ्यांच्या मातीतून काढत. पण खरी मेख होती दाण्यात.

बारीक दाण्याची दारू झटकन पेटते. ती मोठ्या तोफेत ठासली तर गोळा जागचा हलायच्या आत दाब इतका वाढतो की तोफच फुटते. म्हणून मोठ्या नळीला जाड दाणा, तो सावकाश जळतो आणि गोळ्याला ढकलत नेतो. लहान बंदुकीत हाच जाड दाणा घातला तर गोळी बाहेर पडली तरी दारू पुरती जळत नाही. आणि तोफेच्या कानात घालायची ती रंजक, म्हणजे सगळ्यात बारीक दारू. नुसती भुकटी ठेवली तर ओल धरायची, शिवाय वाहतुकीत हेलकावे बसून त्यातले जिन्नस वेगळे व्हायचे. म्हणून पुढे दाणेदार दारू आली. आजच्या रायफलीतही नियम तोच आहे. मोठ्या काडतुसाला सावकाश जळणारी पावडर, छोट्याला झटपट जळणारी. निवड चुकली तर शत्रूआधी चालवणाराच जातो.

गवानचं राज्यकारभाराचं गणितही असंच होतं. एका जागी फार दाब साठू द्यायचा नाही. बहमनी राज्याचे चार मोठे प्रांत होते, त्याने त्यांचे आठ केले. प्रत्येक सुभेदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला, बाकीच्या किल्ल्यांचे किल्लेदार थेट सुलतानाचे. जमिनीची मोजणी सुरू केली. बिदरमध्ये 1472 मध्ये मोठा मदरसा बांधला, त्याच्या ग्रंथालयात तीन हजार ग्रंथ होते असं सांगतात.

पण सरदारांची ताकद कमी केली की सरदार गप्प बसतात होय? दख्खनी आणि परदेशी सरदारांचं वैर आधीपासून होतंच. विरोधकांनी गवानच्या मोहोरदाराला फितवलं आणि कोऱ्या कागदावर वजिराचा शिक्का उठवून घेतला. त्यावर मजकूर लिहिला तो ओडिशाच्या राजाला स्वारीचं आमंत्रण देणारा. सुलतान तिसरा मुहम्मदशाह मद्याच्या नशेत होता. शिक्का खरा दिसला, चौकशी झालीच नाही. 5 एप्रिल 1481 रोजी सत्तरी ओलांडलेल्या गवानचं डोकं उडवण्यात आलं.

नंतर झडती घेतली तर वजिराकडे म्हणावी तशी संपत्ती सापडलीच नाही. सुलतानाला चूक कळली, पण उशीर झाला होता. पुढच्याच वर्षी तोही गेला. त्यानंतर काही दशकांत राज्याचे पाच तुकडे झाले: निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही, इमादशाही आणि बरीदशाही.

त्याच्या मदरशाचं काय झालं? औरंगजेबाच्या काळात तिथे दारूगोळा साठवला होता. 1696 च्या सुमारास वीज पडली, स्फोट झाला आणि इमारतीचा मोठा भाग कोसळला असं सांगतात. उरलेला भाग आजही बिदरला उभा आहे. औशाचा किल्ला बघून झाला की तोही बघून या.