आकाशाचा वेध घेणारा वादक

विल्यम हर्शेल याचा जन्म १७३८ साली जर्मनीतील हॅनोव्हर येथे झाला. वडील सैन्यातील वाद्यवृंदात वादक होते. मुलानेही तीच विद्या उचलली. पुढे तो इंग्लंडात गेला आणि बाथ शहरी प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजवून व संगीताच्या शिकवण्या करून पोट भरू लागला. ज्योतिष हा त्याचा केवळ छंद!

चांगली दुर्बीण विकत घेण्याजोगा पैसा त्याच्यापाशी नव्हता. म्हणून तांबे व कथील यांचा रस ओतून त्याने स्वतःच आरसे घडविले. एकदा घासावयास घेतलेल्या आरशावरून सोळा तास त्याने हात काढला नाही, तेव्हा धाकटी बहीण कॅरोलिन हिने त्याला घास भरविले. १७८१ साली तीन फुटी आरसा ओतताना भट्टीतून रस सांडला, फरशीचे दगड तडतडून उडाले आणि सर्वांना पळ काढावा लागला. त्याच वर्षी मार्च महिन्यात घरच्या दुर्बिणीतून त्याला नवा ग्रह गवसला होता, तो युरेनस. राजाने त्याला सालिना दोनशे पौंडांचे वेतन दिले, आणि शिकवण्या सुटल्या.

७ सप्टेंबर १७८२ च्या रात्री कुंभ राशीत त्याला एक लहानसे, फिकट, गोल बिंब दिसले. ते ग्रहासारखे दिसे, परंतु जागचे हलेना. अशा बिंबांना त्याने ग्रहसदृश अभ्रिका म्हटले. वास्तविक त्यांचा ग्रहांशी काही संबंध नाही; पण नाव पडले ते पडलेच.

अभ्रिका म्हणजे दूरचे तारकापुंजच, दुर्बीण मोठी केली की त्यांतील तारे सुटे दिसतील, असे हर्शेल पुष्कळ वर्षे मानीत असे. १३ नोव्हेंबर १७९० रोजी वृषभ राशीत त्याला निराळाच देखावा दिसला. एक तारा, आणि त्याच्याभोवती मंद प्रकाशाचे वलय. तारा बरोबर मध्यभागी! हे वलय ताऱ्यांचे म्हणावे, तर ते तारे मधल्या ताऱ्याच्या मानाने अतिशय क्षुद्र ठरत. हर्शेलने आपले जुने मत सोडले आणि आकाशात तेजस्वी द्रव्यही आहे, असे पुढील वर्षी उघडपणे प्रसिद्ध केले. स्वतःचेच मत खोडणे हे आरसा घासण्याहून कठीण काम होय.

१८२२ साली तो वारला. १८६४ साली विल्यम हगिन्स याने कालेय तारकासमूहातील अशाच एका अभ्रिकेचा प्रकाश लोलकातून पाहिला, तेव्हा ती वायूची असल्याचे सिद्ध झाले. सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की आपले बाहेरचे थर अवकाशात सोडून देतो, आणि तेच असे चमकतात. कुंभ राशीतील ते हिरवट बिंब हौशी निरीक्षकांना आजही लहान दुर्बिणीतून दिसते.