डॉ. विल्यम वानलेस : प्रार्थना आणि शस्त्रक्रिया

शिरपूर परिसरात आजाऱ्यांच्या भेटीस गेलो असता एक प्रश्न आमच्या कानी वारंवार येतो : प्रार्थना करावी की दवाखाना गाठावा? सातपुड्याच्या पाड्यांवर भगताच्या नादात मोलाचे दिवस निघून जातात; कधी आपलेच भाविक केवळ प्रार्थनेच्या भरवशावर घरी थांबतात. या प्रश्नाचे उत्तर एका डॉक्टरने महाराष्ट्राच्याच भूमीत आपल्या जीवनातून दिले आहे.

डॉ. विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडात झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन १८८९ साली ते प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. प्रारंभी सांगलीत व पुढे पटवर्धनांच्या मिरज संस्थानात त्यांनी रुग्णसेवा केली. १८९४ साली मिरजेत त्यांचे रुग्णालय सुरू झाले. शस्त्रक्रियेच्या नावानेच लोक धास्तावत, असा तो काळ होता. तरीही मोतीबिंदूने अंध झालेले व इतर व्याधिग्रस्त दूरदूरहून मिरजेची वाट धरू लागले.

शस्त्र हाती घेण्यापूर्वी तेथे प्रार्थना होत असे. मात्र प्रार्थना ही कौशल्याला पर्याय नव्हे, हे डॉ. वानलेस जाणून होते. म्हणूनच त्यांनी मिरजेत वैद्यकीय विद्यालय काढून तरुणांना शास्त्रशुद्ध शिक्षण दिले. कुष्ठरोग व क्षयरोग यांवर त्या काळी खात्रीचा इलाज नव्हता. अशा रुग्णांना घरचेही दूर लोटत. त्यांच्यासाठीही डॉक्टरांनी आश्रयस्थाने उभारली. जेथे औषध थकते, तेथे रुग्णाला एकटे न सोडणे हीच सेवा उरते. आपल्या ख्रिस्तसभेत अभ्यंग संस्काराचा आशयही याहून वेगळा नाही.

१९२८ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९३३ साली अमेरिकेत त्यांचे निधन झाले. सांगली-मिरज दरम्यानची वानलेसवाडी त्यांचे नाव आजही जपून आहे.

बेनसिराच्या ग्रंथातील ३८ व्या अध्यायात रुग्णाने प्रार्थना करावी व वैद्यालाही मान द्यावा, असा बोध आहे. वैद्यही देवाकडे यश मागतो, असेही तेथे म्हटले आहे. हा ग्रंथ डॉ. वानलेस यांच्या पंथाच्या बायबलात नाही. तो आपल्या बायबलात आहे. तरीही तो बोध त्यांनी आचरला. मग आपण मागे का राहावे? घरात कोणी आजारी पडल्यास गुडघे टेकावेत आणि त्याच दिवशी रुग्णाला डॉक्टरांकडे न्यावे, अशी आमची भाविकांना कळकळीची विनंती आहे.