‘केसरी’चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर

सातारा जिल्ह्यांत कऱ्हाडजवळ टेंभू नांवाचें गांव आहे. तेथें इ. स. १८५६ त गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म झाला. विद्येसाठीं त्यांनीं दारिद्र्यांत जे हाल सोसले ते पुष्कळ वाचकांस ठाऊक आहेत, म्हणून येथें विस्तार करीत नाहीं. एम्. ए. झाल्यावर मोठ्या पगाराची नोकरी न धरितां त्यांनीं पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलांत अल्प वेतनावर शिकविण्याचें पत्करिलें. १८८१ च्या जानेवारींत ‘केसरी’ निघाला व त्याचें संपादकत्व त्यांजकडे आलें. इंग्रजी ‘मराठा’ टिळकांकडे होता.

त्या वेळीं कोल्हापुरचे तरुण महाराज शिवाजी यांस वेड लागलें आहे असें सांगून पहाऱ्यांत ठेविलें होतें. दिवाण माधवराव बर्वे हे त्यांचा छळ करवितात, अशी वदंता सर्वत्र पसरली. खेड्यांतील बातमी बाजारच्या दिवशीं दहा तोंडांतून फिरून आली म्हणजे कशी फुगते, हें आपण जाणतोंच. पुण्यासारख्या शहरींही निराळें होत नसे. पुढें दिवाणांच्या हातचे म्हणविले जाणारे कांहीं कागद मिळाले. त्यांवर विश्वास ठेवून दोन्ही वर्तमानपत्रांनीं बर्वे यांजवर भयंकर आरोप केले. बर्वे यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद लाविली, आणि ते कागद बनावट ठरले.

चूक कळून आल्यावर संपादकांनीं बर्वे यांची माफी मागितली. तथापि खटला थांबला नाहीं. १८८२ च्या जुलैंत आगरकर व टिळक यांस चार महिन्यांची साधी कैद झाली. आगरकरांचें वय तेव्हां अवघें सव्वीस वर्षांचें. शिक्षेंत कांहीं सूट मिळून मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं १०१ दिवस काढिले. त्यांची हकीकत त्यांनीं पुढें पुस्तकरूपानें लिहिली आहे.

सुटकेच्या दिवशीं तुरुंगाच्या दारीं लोकांची मोठी गर्दी लोटली. महाराजांविषयींचा संपादकांचा कळवळा खरा होता, हें लोकांनीं ओळखिलें, व तें योग्यच झालें. परंतु ज्या गृहस्थाच्या नांवावर खोटे कागद छापले गेले, त्याची आठवण त्या हारतुऱ्यांत किती जणांस झाली असेल, याची आम्हांस शंकाच आहे. माफी वाचणारे नेहमींच थोडे. आरोप मात्र घरोघर पोंचलेला असतो.

त्या दुर्दैवी महाराजांचा शेवट १८८३ च्या डिसेंबरांत अहमदनगर येथें झाला. पहाऱ्यावरील एका गोऱ्या शिपायाशीं झटापट होऊन ते मरण पावले. म्हणजे काळजीस कारण होतें. पण बनावट कागद त्यामुळें खरे ठरले नाहींत.

पुढें टिळकांशीं मतभेद होऊन आगरकरांनीं १८८७ त ‘केसरी’ सोडिला आणि १८८८ त ‘सुधारक’ काढिला. रूढि कितीही जुनी असो, तिला प्रमाण विचारल्यावांचून ते राहत नसत. त्यामुळें लोकांचा रोष त्यांनीं पुष्कळ सोसला. फर्ग्युसन कॉलेजाचे प्रिन्सिपॉल असतां, दम्यानें जर्जर होऊन, १८९५ च्या जून महिन्यांत पुण्यास त्यांचें देहावसान झालें. वयाचीं चाळीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं.