डिग्री नसलेली सिस्टर केनी

डिग्री नाही म्हणून कुणी उडवून लावलंय तुम्हाला? मग एलिझाबेथ केनी माहीत हवी. १८८० साली ऑस्ट्रेलियात जन्मलेली ही नर्स, पण रीतसर प्रशिक्षण नाही. तेव्हा पोलिओ झालेल्या मुलांचे हातपाय प्लास्टरमध्ये जखडून ठेवायचे. केनी उलट गरम, ओल्या लोकरीच्या पट्ट्यांनी स्नायू शेकायची, मग हालचाल पुन्हा शिकवायची. १९३८ मध्ये क्वीन्सलँडच्या डॉक्टरांच्या आयोगाने अहवालात तिची पद्धत धुडकावली. १९४० मध्ये, ५९व्या वर्षी, तिने अमेरिका गाठली. मिनियापोलिसच्या डॉक्टरांनी तिला पेशंट दिले. १९४२ मध्ये तिथे तिच्या नावाची संस्थाच उभी राहिली. पोलिओ शरीरात नेमकं काय करतो, याबद्दल ती चुकली होती. पण मुलांचे हातपाय मोकळे झाले, ते तिच्या हट्टामुळे. १९५२ मध्ये ती गेली. फिजिओथेरपी शिकत असाल तर पेशंटचा पाय हलवताना तिला आठवा.