पांडुरंगाच्या दारातील पांडुरंग

दोंडाईचा, प्रतिनिधी :

आषाढी जवळ येऊ लागली, की खान्देशातील वारकऱ्यांना पंढरीचे वेध लागतात. अमळनेरच्या संत सखाराम महाराजांच्या गादीची दिंडी पंढरपूरची वाट पायी चालू लागते आणि ज्यांना चालणे शक्य नाही, ते गाडीने जातात. याच सुमारास, ११ जून रोजी, साने गुरुजींचा स्मृतिदिन असतो. पंढरीच्या वारीचा आणि गुरुजींचा संबंध आज फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. 'श्यामची आई' लिहिणारे हळवे लेखक एवढीच त्यांची ओळख घराघरांत उरली आहे. मात्र विठ्ठलाच्या दारात याच हळव्या माणसाने आपले प्राण पणाला लावले होते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. पुढे त्यांची कर्मभूमी मात्र खान्देश ठरली. दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा ही स्थानके ज्या सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहेत, त्याच मार्गावरील अमळनेर येथे ते तत्त्वज्ञान मंदिरात अध्ययनासाठी आले आणि १९२४ मध्ये तेथील हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांच्या वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुले शाळेत गेली, की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडत, अंथरुणे नीट घडी करून ठेवत. कोणी आजारी पडले, तर त्याच्या उशाशी रात्र जागून काढत. या कामांत त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. देव सर्वत्र आहे असे मानायचे आणि समोरच्या मुलात मात्र तो पाहायचा नाही, ही विसंगती त्यांच्या मनाला पटणारी नव्हती.

१९३० मध्ये नोकरीचा राजीनामा देऊन ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३२ मध्ये धुळे कारागृहात त्यांना विनोबा भावे यांचा सहवास लाभला. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. ही अठराही प्रवचने गुरुजींनी भराभर लिहून घेतली. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे, तो त्यांच्या या लेखणीमुळेच. ईश्वरभक्ती आणि रोजचे कर्म यांची फारकत करता येत नाही, हा विचार त्यांच्या आचरणात आधीपासूनच होता. धुळ्याच्या तुरुंगात त्याला बळ मिळाले.

स्वातंत्र्य दृष्टिपथात आले, तेव्हा गुरुजींना एक प्रश्न अस्वस्थ करू लागला. ज्या विठ्ठलाला संतांनी माउली म्हटले, त्याच्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्या लेकरांना पाऊल ठेवता येत नव्हते. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा यांची समाधी महाद्वारासमोर आहे, ती मंदिराच्या बाहेर. शतके लोटली, तरी चोखोबांचे भाऊबंद बाहेरूनच हात जोडत होते. गाभाऱ्यात देव आहे यावर आपला खरोखर विश्वास असेल, तर त्याच्या देखत हा भेद चालू कसा राहतो, असे गुरुजींना वाटे.

१९४६ च्या अखेरीस त्यांनी उपोषणाचा निश्चय जाहीर केला. सहकाऱ्यांच्या आग्रहावरून आधी लोकमत जागे करण्याचे ठरले. पुढील काही महिने सेनापती बापट आणि सेवादलाच्या कलापथकासह त्यांनी महाराष्ट्र पिंजून काढला. अनेक गावांतील पाणवठे आणि देवळे या दौऱ्यात सर्वांना खुली झाली. पंढरपूरचे दार मात्र बंदच राहिले. अखेर १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी आमरण उपोषण सुरू केले.

विरोध कमी नव्हता. खुद्द महात्मा गांधींनी उपोषण थांबविण्याविषयी त्यांना कळविले. गांधीजींवर अपार श्रद्धा असूनही गुरुजी आपल्या निश्चयापासून ढळले नाहीत. दुसऱ्या बाजूने, मंदिरप्रवेशाचा प्रश्न दलित समाजाने केव्हाच मागे टाकला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला आणि पाच वर्षांनी तो थांबला. १९३५ मध्ये येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला होता. त्यामुळे गुरुजींचे उपोषण प्रामुख्याने सवर्ण भाविकांच्या सदसद्विवेकाला घातलेली साद होती, असेच म्हणावे लागेल. दारे उघडण्याची गरज बाहेर उभ्या असलेल्यांपेक्षा आत उभ्या असलेल्यांना अधिक होती.

ग. वा. मावळंकर यांच्या मध्यस्थीने तोडगा निघाला आणि १० मे रोजी उपोषण सुटले. पंढरीचे मंदिर सर्वांना खुले झाले. देवाचे तेज विटाळू नये म्हणून काही कर्मठांनी त्याआधी ते मंत्रोच्चाराने घागरीतील पाण्यात काढून घेतले, असे सांगितले जाते. देवाचे अस्तित्व घागरीत जपता येते, असे एका श्रद्धेला वाटले. गुरुजींची श्रद्धा मात्र त्या अस्तित्वापुढे माणसाचे वागणे बदलले पाहिजे, असे सांगत होती. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

स्वातंत्र्यानंतर १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. मात्र गांधीहत्येचा घाव त्यांच्या जिव्हारी लागला होता. निराशेने ग्रासलेल्या गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. त्या वेळी ते अवघे पन्नास वर्षांचे होते.

आज पंढरीच्या दर्शनबारीत कोणी कोणाची जात विचारत नाही. गावाकडे परतल्यावर मात्र पंगत, पाणवठा, भाड्याचे घर, मुलामुलींचे लग्न अशा ठिकाणी ती अजूनही विचारली जाते. विठ्ठलाचे दर्शन घेऊन आलेला माणस घरी कसा वागतो, यावर गुरुजी त्याच्या वारीचे मोल ठरवीत. यंदा खान्देशातून पंढरीला जाणाऱ्या प्रत्येकाने महाद्वारातून आत जाताना चोखोबांच्या समाधीपुढे क्षणभर थांबावे आणि या दुसऱ्या पांडुरंगाचेही स्मरण करावे.