नारायण वामन टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक (जन्म : करजगाव, रत्नागिरी जिल्हा, ६ डिसेंबर १८६१, मृत्यू : मुंबई, ९ मे १९१९) हे मराठी कवी व ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई पुढे काही वर्षांनी ख्रिस्ती झाल्या.

टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये दीर्घकाळ कार्य केले. मिशनशी त्यांचा मतभेद ख्रिस्तावरील श्रद्धेविषयी नव्हता. चर्चची पाश्चात्त्य धाटणी, परदेशी मिशनऱ्यांचे वर्चस्व आणि युरोप-अमेरिकेतून आलेले पंथभेद त्यांना अमान्य होते. १९१७ मध्ये ते मिशनमधून बाहेर पडले व सातारा येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान होते. ऐक्यासाठी उचललेले हे पाऊल प्रस्थापित चर्चपासून मात्र फारकत ठरले. दोनच वर्षांत टिळकांचे निधन झाले आणि दरबार फार काळ टिकला नाही. त्यांची भक्तिगीते मात्र निरनिराळ्या पंथांच्या मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात.