दातांच्या फटीतली जीवसृष्टी

हॉलंडमधील डेल्फ्टचे कापडव्यापारी अंतोनी व्हान लेव्हेनहूक रोज मिठाने दात घासत. पन्नाशीतही त्यांचे दात चांगले होते. तरीही फटींमध्ये पांढरा थर साचे. १६८३ मध्ये त्यांनी तो पावसाच्या पाण्यात कालवून सूक्ष्मदर्शकातून पाहिला. त्यात असंख्य जीव वळवळत होते! नुसत्या थुंकीत मात्र त्यांना असे काही दिसले नव्हते.

१६३२ मध्ये जन्मलेल्या लेव्हेनहूक यांना विद्यापीठाचे शिक्षण नव्हते. डचखेरीज भाषाही येत नव्हती. पण भिंगे बनवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांच्या उपलब्ध भिंगांपैकी एकातून वस्तू सुमारे २७० पट मोठी दिसते. पाण्यातील सूक्ष्म जीवांविषयी त्यांनी १६७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले, तेव्हा अनेकांचा विश्वास बसेना. पुढच्या वर्षी रॉबर्ट हूक यांनी ते जीव स्वतः पाहिले आणि शंका मिटली. १६८० मध्ये सोसायटीने या व्यापाऱ्याला सदस्यत्व दिले.

शरीरातून निघणारे काहीही त्यांना तपासायला वर्ज्य नव्हते. रक्तातील तांबड्या पेशी त्यांनी पाहिल्या, वीर्यातील शुक्रजंतू पाहिले. १६८१ मध्ये जुलाब झाले तेव्हा स्वतःचा मलही तपासला. त्यात दिसलेला जीव म्हणजे आज ज्ञात असलेला जिआर्डिया, असे मानले जाते.

दातांवरच्या जीवांवर त्यांनी व्हिनेगरचा प्रयोग केला. काढलेल्या थरात व्हिनेगर मिसळताच जीव मेले; नुसती चूळ भरली तेव्हा मात्र फटींतले जीव तगून राहिले. व्हिनेगर थराच्या आत पोहोचत नसावे, असे अनुमान त्यांनी काढले. दातांवरचा थर केवळ चूळ भरून निघत नाही, तो घासूनच काढावा लागतो, हे आजचे दंतवैद्यही सांगतात.

थुंकीबाबत मात्र त्यांची भिंगे अपुरी पडली. तिच्या एका मिलिलिटरमध्ये कोट्यवधी जिवाणू असतात, हे आज ठाऊक आहे. निरोगी माणसाचे रक्त सहसा जंतुमुक्त असते. लघवी पूर्ण जंतुमुक्त असते हा जुना समज मात्र आता मागे पडला आहे.

या जीवांपैकी काही रोग घडवतात, हे सिद्ध व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. भिंगांची आपली सर्वोत्तम पद्धत लेव्हेनहूक यांनी कोणालाच सांगितली नाही. १७२३ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ती त्यांच्याबरोबरच गेली.